ठाकुर्लीने तुमच्यासाठी थांबायला हवं होतं का?

परदेशात स्थायिक झालेली मराठी माणसं, आणि आता त्यांची तिकडेच वाढलेली मुलं, डिसेंबरच्या सुट्टीत ठाकुर्ली-डोंबिवलीला येतात तेव्हा त्यांच्या मनात एक प्रश्न असतो: आपण मूळचे कोण? या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. माझा वाद आहे तो त्यांना मिळणाऱ्या उत्तराशी, कारण ते उत्तर येण्याआधीच ठरलेलं असतं. आठवडाभर राहून माणूस परत जातो आणि मंडळाच्या स्मरणिकेत किंवा गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत सांगतो, की तिथे आता काही उरलेलं नाही. बैठी घरं गेली, टॉवर आले. फाटक जाऊन पूल आला. स्टेशनवर मराठी ऐकू येत नाही. आजोबांचं घर सापडलंच नाही. आणि त्याला जोडून शेवटी येतं ते वाक्य: खरी संस्कृती आता आम्हीच तिकडे जपली आहे.

हे मी ठाकुर्लीत राहून वर्षानुवर्षं ऐकतो आहे. त्यामागे प्रेम आहे, हे मला दिसतं. तरीही हे म्हणणं चुकीचं आहे आणि इथे राहिलेल्यांवर अन्याय करणारं आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

या तक्रारीत असं गृहीत धरलेलं असतं, की ठाकुर्ली हे एक जुनं, स्थिर, आपलं असं गाव होतं, आजी-आजोबा तिथले मूळ रहिवासी होते, आणि नंतर बाहेरच्यांनी येऊन ते बिघडवलं. प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी एप्रिल १८५३मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या रुळांच्या दोन्ही अंगांना भातशेती होती, खाडी होती आणि आगरी वस्तीची गावं होती: चोळे, कांचनगाव, खंबाळपाडा, कचोरे. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण करायचं ठरलं तेव्हा बोरघाट चढणाऱ्या इंजिनांसाठी वीज हवी होती. त्यासाठी जीआयपी रेल्वेने १९२९च्या सुमारास चोळ्याच्या शिवारात कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभं केलं. १ जून १९३०ला दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा या मार्गाला वीज पुरवण्यात या केंद्राचा वाटा होता. केंद्राभोवती रेल्वेची वसाहत वसली. साहेबांसाठी बारा बंगला झाला, डोंबिवलीच्या बाजूला कामगारांसाठी बावन चाळ झाली. फिटर, बॉयलरवाले, कारकून, गार्ड, खलाशी असे लोक रत्नागिरीहून, साताऱ्याहून, खानदेशातून आले, तसेच मद्रासकडून आणि उत्तरेतूनही आले. एका नळावर पाणी भरताना चार भाषा चालत.

म्हणजे ज्या आजोबांचं घर तुम्ही शोधता, ते स्वतः नोकरीसाठी इथे आलेले होते. त्यांचं क्वार्टर रेल्वेचं होतं आणि निवृत्तीनंतर ते रिकामं करून द्यावं लागायचं. ते घर तुमच्या कुटुंबाचं कधीच नव्हतं. आजोबांनी हे जाणूनच तिथे संसार केला, तुळस लावली, मुलांना शाळेत घातलं आणि पुढे एखाद्या सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. त्यांच्या या आयुष्याचं मोल मोठं आहे. पण त्याला ‘मूळ’ म्हणून पाटी लावली की ज्यांच्या जमिनीवर ही सगळी वसाहत उभी राहिली, ती माणसं चित्रातून पुसली जातात. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

परतून आलेला पाहुणा सांगतो, की स्टेशनवर मराठी ऐकू आली नाही. चोळेगावात तलावाच्या कडेला संध्याकाळी जाऊन बसलं, तर मराठी ऐकू येते. ती आगरी मराठी आहे, आणि या मातीत ती आपल्या आजोबांच्या मराठीपेक्षा फार जुनी आहे. पण संस्कृती शोधायला आलेल्यांच्या यादीत ती नसते. यादीत डोंबिवलीचं गणेश मंदिर असतं, फडके रोड असतो, एखादं नाटक असतं, पैठणीचं दुकान असतं. आगरी लग्नात धवलारीण नावाची बाई लग्नाच्या एकेका विधीला धवले गाते आणि तिच्या गाण्याने तो विधी लागतो. लग्न लावण्याचा मान बाईला देणारी ही परंपरा आपल्या शेजारच्या गल्लीत होती, अजून थोडीफार आहे, आणि रेल्वे वसाहतीत वाढलेल्या अनेकांनी ती आयुष्यात एकदाही ऐकलेली नाही. तेव्हा, ‘संस्कृती उरली नाही’ असं म्हणणाऱ्याला मला विचारावंसं वाटतं: तुम्ही इथे राहत होता तेव्हा तुम्हाला इथली संस्कृती माहीत होती का? की तुम्ही तुमच्या चाळीतल्या, तुमच्या जातीतल्या, तुमच्या शाळेतल्या एका कोपऱ्यालाच ठाकुर्ली समजत होता?

२०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं. त्याची यजमान संस्था आगरी युथ फोरम होती आणि ते भरलं संत सावळाराम महाराजांचं नाव असलेल्या क्रीडासंकुलात. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांची डोंबिवली एवढंच ज्यांना माहीत होतं, त्यांनी या घटनेकडे नीट पाहायला हवं होतं. ज्या समाजाच्या बोलीला शहरातल्या मराठी घरांनी कित्येक वर्षं हसण्यावारी नेलं, त्याने सगळ्या महाराष्ट्राला आपल्या अंगणात बोलावून जेवू घातलं. मराठीपण इथे आटलं, असं हे पाहिलेला माणूस कसं म्हणू शकेल?

दुसरा मुद्दा परंपरेचा. गुढीपाडव्याची शोभायात्रा पाहायला लोक मुद्दाम तिकीट काढून येतात. नऊवारी नेसून दुचाकीवर बसलेल्या मुली, ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ यांचे फोटो परदेशातल्या घरांत भिंतीवर लागतात आणि मुलांना सांगितलं जातं, की ही आपली प्राचीन परंपरा. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने ही नववर्ष स्वागतयात्रा १९९९मध्ये सुरू केली आणि मग ती ठाणे, गिरगाव असं करत राज्यभर गेली. १९८५ साली अमेरिकेला गेलेल्या डोंबिवलीकराने जाण्याआधी ती पाहिलेली असणं शक्यच नाही. तुमच्या जाण्यानंतर इथल्या लोकांनी एकत्र बसून काहीतरी नवं केलं, ते सगळ्यांना इतकं आवडलं की पंचवीस वर्षांत ते आपलं होऊन गेलं. हे मला अभिमानाचं वाटतं. पण मग एकाच श्वासात दोन गोष्टी म्हणता येणार नाहीत. इथे काही उरलं नाही, असंही म्हणायचं आणि इथे नुकतंच घडलेलं घरी नेऊन परंपरा म्हणून मांडायचं, हे एकमेकांशी जुळत नाही.

‘आम्ही तिकडे जपलं’ या दाव्यातही तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून काम करतं आहे, तिथल्या मराठी शाळा शनिवार-रविवारी पदरचा वेळ घालून चालवल्या जातात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२चं. हिमवर्षावात मुलांना गाडीत घालून बाराखडी शिकवायला नेणारे आईबाप कौतुकाला पात्र आहेत. प्रश्न तुलनेचा आहे. जपणं आणि जगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं करणाऱ्याने दुसरं करणाऱ्याला कमी लेखण्याचं कारण नाही. ठाकुर्लीतल्या बाईला मराठी जपायला सवड नसते. ती पहाटे डबे करते, ६ वाजून काही मिनिटांची धीमी गाडी पकडते, कारण इथे जलद गाड्या थांबत नाहीत, आणि त्या गर्दीत डब्यातल्या गुजराती, मल्याळी, भोजपुरी बायकांशी मराठी-हिंदीची सरमिसळ करून भांडते, हसते, भजन म्हणते. तिच्या मराठीत नवे शब्द आले तर ती भ्रष्ट झाली, असा निकाल देण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि ही गर्दी आली कुठून, हेही पाहणाऱ्याने जाणून घ्यावं. १९६४मध्ये डोंबिवलीला एमआयडीसी झाली. मुंबईत भाड्याची घरं मिळेनाशी झाली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुसंख्य कामावर परतू शकले नाहीत. लालबाग-परळच्या खोल्या विकून अनेक कुटुंबं या बाजूला सरकली. १९८३मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास लोक मोजले गेले. तुमच्या आठवणीतलं मोकळं मैदान ज्या इमारतीखाली गेलं, त्या इमारतीत गिरणीतून बाहेर फेकला गेलेला कोणीतरी मराठी माणूस हप्ते भरत राहतो आहे. त्याला घर हवं होतं.

जुन्या इमारतींबद्दलचा हळवेपणा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘आमची ती तीन मजली इमारत पाडली हो’ असं म्हणताना गळा दाटून येतो, ते समजू शकतं. पण जुलै २०१५मध्ये ठाकुर्लीतलीच एक जुनी तीन मजली इमारत रात्री कोसळली आणि नऊ माणसं ढिगाऱ्याखाली मेली. जी भिंत तुम्हाला फोटोत हवी असते, तिच्या आत पावसाळाभर बादल्या लावून लोक झोपत असतात. धोकादायक म्हणून नोटीस आलेली, पर्यायी घर नसलेली, भाडेकरू आणि मालकाच्या वादात अडकलेली अशी घरं आजही या पट्ट्यात आहेत. इथल्या बदलाबद्दल संताप करायचा असेल तर तो या गोष्टीसाठी करा. बेकायदा बांधकामं, अपुरं पाणी, एमआयडीसीतले स्फोट, या सगळ्यावर तुम्ही बोललात तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. गॅलरी गेली आणि लिफ्ट आली, या दुःखात मात्र मला सामील होता येत नाही, कारण त्या लिफ्टमुळे गुडघे गेलेली शेजारची आजी पुन्हा खाली उतरून देवळात जायला लागली आहे.

ओळख जागेला चिकटलेली असते आणि जागा बदलली की ती संपते, ही या सगळ्यामागची समजूत आहे. ती खोटी आहे, याचे पुरावे आमच्या आजूबाजूलाच आहेत. विठ्ठलवाडीपलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी छावण्यांत ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या लोकांना परत जाऊन पाहायलाही गाव उरलं नाही, सीमा आडवी आली. सिंधी भाषेला या देशात स्वतःचं राज्य नाही. तरी ते सिंधी राहिले, झुलेलालचा उत्सव करत राहिले, आणि १९६७मध्ये त्यांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मायभूमीच्या एका फेरीवर त्यांची ओळख अवलंबून असती, तर ती केव्हाच संपली असती.

बेने इस्रायलींचं उदाहरण तर आपल्या अधिक जवळचं आहे. कोकणातले हे ज्यू, पेणकर, केहिमकर अशा आडनावांचे, घरी मराठी बोलणारे. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग १८७९चं आहे. १९४८नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे गेल्यावर त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. १९५१-५२मध्ये त्यांच्यातल्या काहींनी धरणं धरून आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली आणि काही कुटुंबं परत आलीही. समान दर्जासाठी त्यांना १९६४पर्यंत झगडावं लागलं. आज त्यांची मुलं-नातवंडं कोकणात येतात, अलिबागजवळ सागावला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ या श्रद्धास्थानी जातात, मलिद्याचा विधी करतात, पूर्वजांच्या कबरी शोधतात. इस्रायलमध्ये ते ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवत आले आहेत. इथे येतात ते नवस फेडायला, सिनेगॉगसाठी काही द्यायला, म्हाताऱ्या नातेवाइकांना भेटायला. अलिबागला हॉटेलं झाली म्हणून आपण कोण हे कळेना, असा आक्रोश त्यांनी केला नाही.

परत येणं कसं असू शकतं, याचं आमच्या पंचक्रोशीतलं सर्वांत मोठं उदाहरण ठाकुर्लीच्या पुढच्याच स्टेशनचं आहे. ३१ मार्च १८६५ला कल्याणात जन्मलेली यमुना, पुढे आनंदीबाई जोशी. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी तिने बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या स्त्रियांत काम करीन. ११ मार्च १८८६ला ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला उतरली. कोल्हापूरच्या रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जागा तिच्यासाठी ठरलेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली आणि तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, अमेरिकेत तिला आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. त्या कुटुंबाने तिला आपलं मानलं होतं. तिचे दोन्ही देश तिच्या मृत्यूनंतरही तिचेच राहिले. आपण कोण हे शोधायला ती परतली नव्हती. इथल्या बाळंतिणी डॉक्टरविना मरत होत्या, म्हणून परतली होती.

हे वाचून कोणी म्हणेल, की प्रत्येकाला आनंदीबाई होता येत नाही. खरं आहे. मी तेवढं मागतही नाही. मी ठाकुर्लीतल्या साध्या चाकरमान्याचं उदाहरण देतो. त्याचं मतदान ठाकुर्लीत, रेशनकार्ड ठाकुर्लीचं, पण गाव विचारलं तर तो संगमेश्वर सांगेल किंवा देवगड. भाद्रपदात रजा टाकून, दोन महिने आधी तिकिटासाठी धडपडून, कोकण रेल्वेच्या गच्च भरलेल्या डब्यात उभा राहून तो गावी जातो. तिथे गेल्यावर कौलं परततो, गणपतीची वर्गणी देतो, वाडीच्या भजनात टाळ धरतो, सामाईक जमिनीवरून चुलतभावाशी भांडतो आणि त्याच चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला पैसे पाठवतो. गावात मोबाईलचे मनोरे आले, मातीची घरं जाऊन स्लॅब आले, हे तोही पाहतो. तरी माझं गाव राहिलं नाही असं त्याला वाटत नाही, कारण गावात त्याच्या नावावर काम आहे, भांडण आहे, देणं आहे. आणि या एका गोष्टीने तो न्यू जर्सीहून येणाऱ्याइतकाच स्थलांतरित असूनही पोरका होत नाही.

म्हणून आमच्याकडच्या काही लोकांचं म्हणणंही मला तितक्याच जोरात खोडून काढायचं आहे. ‘डॉलर कमवायला गेलात ना, मग आता ओळख कसली शोधता? तुमचा इथे काय संबंध?’ असं तोंडावर विचारणारे आमच्यात आहेत. हा प्रश्न क्रूर आहे. कोकणातल्या वाडीने आमच्या वडिलांना हाच प्रश्न विचारला असता तर? परदेशात जन्मलेल्या मुलीने अडखळत ‘आजी, तुमचं घर कुठे होतं?’ असं मराठीत विचारलं, तर तिच्या उच्चारांवर हसणारा माणूस तिचं मराठी तिथल्या तिथे मारतो. कायद्याने तिच्यावर मर्यादा आहेतच. ओसीआय कार्ड असलं तरी तिला इथे मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. पण आजोबांच्या आयुष्याबद्दल विचारण्याचा हक्क कोणत्याही कार्डावर अवलंबून नाही, आणि तिला नीट उत्तर देणं हे आमचं काम आहे. ते आम्ही करत नाही. वीजकेंद्र बंद पडून तीन दशकांहून जास्त काळ लोटला, आणि तिथे राबलेल्या माणसांची साधी यादी वाचायला मिळेल अशी जागा ठाकुर्लीत नाही. आमचा हा दोष मोठा आहे. पाहुण्याने आम्हाला बोल लावायचेच असतील, तर यासाठी लावावेत.

पण हे काम आम्ही एकट्याने करूही शकत नाही, कारण त्यातला मोठा भाग तुमच्याकडे आहे. वसाहतीतली जी कुटुंबं शिकून बाहेर गेली, त्यांच्याबरोबर आजोबांचं सर्व्हिस बुक गेलं, वीजकेंद्राच्या गेटवर काढलेला गटाचा फोटो गेला, क्वार्टर वाटपाचा कागद, रेल्वे पासांची पुस्तिका, संपाच्या वेळची नोटीस गेली. टोरांटोच्या आणि डॅलसच्या कपाटांत ठाकुर्लीचा इतिहास पडून आहे. पुढच्या डिसेंबरात याल तेव्हा त्या कागदांच्या प्रती घेऊन या. फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहून आणा, मराठी असोत, तमिळ असोत की भोजपुरी. आजी हयात असेल तर तिच्याकडून नळावरच्या बायकांची नावं विचारून घ्या. आणि एक दिवस चोळे किंवा कांचनगावात काढा. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, की वीजकेंद्र झालं ती शेतं कोणाची होती, त्यांना काय मोबदला मिळाला, नंतर त्या घरातली माणसं कुठे कामाला लागली. धवलारीण गात असेल तर तिची परवानगी घेऊन, तिला मानधन देऊन, पूर्ण धवला रेकॉर्ड करा आणि त्याची एक प्रत गावात ठेवा. तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्यासाठी लागणारं सगळं आहे.

आठ दिवसांच्या सुट्टीत हे कसं जमणार, असं विचाराल. सगळं जमणार नाही. चोळेगावातली एक दुपार जमेल. बाकीच्यासाठी आम्ही इथेच आहोत, पत्ता कळवा, कागद पाठवा, आम्ही वाचून काढू आणि चोळ्यातल्या ज्या घराचा संबंध निघेल त्या घरी नेऊन दाखवू.